उलट्या पावलांचा शॉट

“बाबा, शर्ट कोंबू नका हो! एकेक घ्या, हळू. आणि बॅगेत ठेवताना चेहरा कॅमेऱ्याकडे.”

“जशी आज्ञा, डायरेक्टरबाई,” बाबा म्हणाले आणि त्यांनी पट्ट्यांचा शर्ट उचलला.

डायरेक्टरबाई नववीत होती. मागच्याच महिन्यात शाळेच्या स्टेजवर तिने पहिल्यांदा माइक हातात घेतला होता आणि मनातून तो अजून खाली ठेवलेलाच नव्हता.

पलंगावर मांडी घालून भोंगा बसली होती. वर्गमैत्रीण. आवाजामुळे पडलेलं नाव, आणि तिला त्याचा केवढा अभिमान! गाणं तिचंच होतं. स्वतः लिहिलेलं, डोक्यावर ब्लँकेट घेऊन स्वतःच रेकॉर्ड केलेलं. ऐकलं की पाय आपोआप हलायला लागायचे. ‘दार उघड, दार उघड, आलो मी घरी!’

“मला अजून झेपलेलं नाहीये,” भोंगा म्हणाली. “गाणं घरी येण्याचं, आणि काका सामान भरतायत?”

“अगं, तोच तर कन्सेप्ट! सगळं उलटं शूट करायचं आणि लॅपटॉपवर उलटं फिरवायचं. शर्ट बॅगेतून उडी मारून कपाटात जातील. बाबा उलटे चालत दाराबाहेर जातील, ते व्हिडिओत आत येताना दिसतील.”

“बाप रे! डोकं आहे तुला.”

“आहेच मुळी.”

बाबा ऑफिसच्या कामाला बाहेरगावी निघाले होते. दोनच दिवस. मंगळवारी परत. साडेचारला टॅक्सी होती, आणि त्याआधी दोन्ही शॉट व्हायलाच हवे होते. कपाटाचा आणि दाराचा.

“दोन दिवसांना अकरा शर्ट?” भोंगाने मोजलेच.

“व्हिडिओत बॅग भरलेली दिसायला नको का?” बाबा घाईने म्हणाले. “हो ना गं, डायरेक्टरबाई?”

“एकदम बरोबर. स्वेटरपण घ्या. आणि तो जुन्या चष्म्याचा डबा.”

बाबांनी तिच्याकडे बघितलं. ती फोकस लावत होती.

कप्पा रिकामा झाला. तळाला अंथरलेला पिवळा कागद दिसायला लागला. त्याच्यावर तिने कॅमेरा चांगले दहा सेकंद धरून ठेवला.

“रिकाम्या कप्प्यात काय बघायचंय एवढं?”

“तो एकदा दिसला, की भरताना मजा येईल.”

आईलाही घ्यायचं होतं. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं.

“आई, नुसती दारात उभी राहा ना! काही करायचं नाही.”

“माझं डोकं दुखतंय,” आतून आवाज आला. “मला नका घेऊ त्यात.”

“राहू दे तिला,” बाबा हळूच म्हणाले.

मग दाराची रंगीत तालीम. बाबा बॅग घेऊन उलटे निघाले ते थेट चपलांच्या रॅकवर जाऊन आदळले. तीन चपला, एक छत्री आणि बाबा, सगळे खाली. भोंगा पोट धरधरून हसली. स्वयंपाकघरातूनही हसू ऐकू आलं, पण लगेच नळ सुरू झाला.

“काका, तुम्ही पुढेच बरे चालता!”

“ते तरी कुठे जमतंय मला,” बाबा गुडघा चोळत म्हणाले.

खाली हॉर्न वाजला. चार पंचवीस.

“आता खरा टेक. एकच,” डायरेक्टरबाई म्हणाली. “बाबा, दार लागेपर्यंत माझ्याकडेच बघायचं. दुसरीकडे कुठेही नाही.”

“आणि मग?”

“मग काही नाही. मग तुमची टॅक्सी.”

तिने गाणं लावलं. ढोल दणाणले. बाबांनी बॅग उचलली. एक पाऊल मागे. दुसरं. तिसऱ्याला त्यांचे डोळे भरून आले. भोंगाने तोंडावर हात दाबला आणि पुटपुटली, “काय अ‍ॅक्टिंग!”

एक थेंब गालावरून हनुवटीपर्यंत आला. उलटं फिरवल्यावर तो परत डोळ्यात जाणार होता.

दार लागलं. गाणं उड्या मारतच होतं. तिने कॅमेरा दारावरून हलवला नाही. जिन्यातली पावलं संपली, टॅक्सी कोपऱ्यावर वळली, गाणंही संपलं.

“कट,” ती म्हणाली. इतक्या हळू, की भोंगाला ते ओठांवरून कळलं.

“भारी! भारी! भारी!” भोंगा अंगात गाणं संचारल्यासारखी नाचत होती. “फक्त शेवटी काकांची बॅग चौकटीला अडकली गं. मंगळवारी ते आले की तेवढं परत घेऊ या?”

डायरेक्टरबाईने कॅमेऱ्याला झाकण लावलं.

“ते येणार नाहीत. मंगळवारी नाही, नंतरही नाही. म्हणून तर उलटं शूट केलं.”