हौदातली माती

पुन्हा माती कमी झाली होती. थोरलीने शेडमधल्या हौदाच्या आतल्या भिंतीवर कोळशाने रेघ ओढून ठेवली होती, आणि आठ दिवसांत माती त्या रेघेच्या चांगली चार बोटं खाली गेली होती. चार बोटं! कुणाच्या बापाचा माल आहे हा?

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही काही दुकानातून पोत्याने आणायची माती नव्हती. ओढ्याच्या वळणावरची ती दरड बाबांनी तरुणपणी शोधून काढली होती. आता तिथे सिमेंटची भिंत उभी राहिली होती. उरलेली माती एवढीच, या हौदात, तीन वर्षं भिजत पडलेली. थोरलीने पाठ मोडेस्तोवर ती खणली होती, चाळली होती, तुडवली होती. धाकटी तेव्हा कुठे होती?

चोर कोण हे सांगायला ज्योतिषी नको होता. रोज सकाळी सातला थोरली बेकरीतून लाकडाची राख आणायला जायची. ती राख धुऊन, गाळूनच तिच्या भांड्यांवरची हिरवट झिलई व्हायची. नेमकी तेवढ्याच वेळात माती जायची. शेडच्या मागच्या दाराची किल्ली कुठे असते हे घरच्याच माणसाला ठाऊक. आणि धाकटी तीन गल्ल्या पलीकडे स्वतःची भट्टी घालून बसली होती.

"बाबा, मघाशी कुणी आलं होतं?"

"कोण येणार?" बाबा पायरीवर बसून डाव्या हाताने चपलेचा पट्टा लावत होते. दोन वर्षांपूर्वीच्या झटक्यापासून उजवा हात मांडीवर नुसता पडून असायचा. "निघतो गं. पेपर वाचून येतो."

निघाले, कापडी पिशवी खांद्याला अडकवून. रोज धाकटीकडे! इथे काय पेपर येत नव्हता? पण लाडकी ना ती. शेडमध्ये जागा हवी म्हणून थोरलीने बाबांचं जुनं चाक बाहेर काढलं, तेव्हा तेसुद्धा धाकटीनेच उचलून नेलं होतं.

"कर भंगार गोळा," थोरली तेव्हा म्हणाली होती. "बाबांनी आता स्वस्थ बसावं. पुष्कळ झालं त्यांचं."

बाबा चाकाच्या मागोमाग गल्लीच्या टोकापर्यंत गेले होते.

भांडून उपयोग नव्हता. धाकटी कानांवर हात ठेवणार, वर डोळ्यांत पाणी आणणार. थोरलीने दुसरंच केलं. आपल्यापुरती माती काढून ड्रममध्ये भरली आणि झाकणाला कुलूप घातलं. मग चुनखडी आणून ठेचली, जाड रव्याएवढी कणी ठेवली. मापाला बाबांचा जुना वाडगा घेतला. त्याच्या बुडाशी त्यांची खूण होती: उजव्या अंगठ्याच्या नखाने ओल्या मातीत दाबलेली चंद्रकोर, उजवीकडे तोंड करून. सहा वाडगे कणी तिने हौदात ओतली आणि कोपरापर्यंत हात घालून ढवळली.

चुन्याचं एक बरं असतं. चाकावर कळत नाही, भट्टीतही कळत नाही. भांडं कसं सुरेख निघतं. मग आतला भाजलेला चुना हवेतली ओल पीत राहतो, फुगतो आणि आठ-दहा दिवसांनी भांड्याची खपली उडवतो. झिलई असो नाहीतर काही असो.

माती जातच राहिली. ने बाई, ने, थोरली मनात म्हणायची. त्या दिवसांत तिला झोप छान लागली. बाबाही खुशीत दिसायचे. जेवायला बसण्याआधी मात्र हात फार वेळ धुवायचे.

दीड महिन्याने धाकटी दारात उभी राहिली.

"ताई, शनिवारी माझं प्रदर्शन आहे. तू यायलाच हवं."

"येते की. न येऊन कसं चालेल?"

"बाबांना मी सकाळीच नेते. आणि आलीस की आधी मधल्या टेबलाशी ये हं."

"तिथेच येते," थोरली म्हणाली.

शनिवारी हॉल माणसांनी भरला होता. कडेच्या टेबलांवर धाकटीची बाजारच्या पांढऱ्या मातीची भांडी होती, धडधाकट. मधल्या टेबलावर मात्र नऊ वाडगे वेगळे मांडले होते. त्यांच्यावर हिरवट झिलई होती आणि प्रत्येकाला भोकं पडली होती. आत पांढरा ठिपका, खाली कापडावर ताज्या उडालेल्या खपल्या. शेजारी इस्त्रीचा सदरा घालून बाबा बसले होते. ते डाव्या हाताने एक खपली उचलून वाडग्याला लावून बघत होते. ती बसत नव्हती.

"बघा, सगळ्यांनी बघा!" थोरलीने आवाज चढवला. माणसं वळली. "चोरीच्या मातीची भांडी अशीच होतात! माझ्या हौदातली माती आहे ही. लाज कशी वाटत नाही गं तुला? आणि केलीत तरी कशी! काठ वाकडे, भिंती एकीकडे जाड. शिकाऊ माणूससुद्धा असलं काही भट्टीत घालणार नाही. कचरा आहे नुसता, कचरा!"

बाबांनी खपली खाली ठेवली.

धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला होता. "ताई, हळू बोल."

"का हळू बोलू? माती तू नेलीस की नाही?"

"नाही."

"मग ही भांडी काय आभाळातून पडली?"

धाकटीने एक वाडगा उचलला. त्याची आणखी एक खपली सुटून टेबलावर पडली. तिने वाडगा पालथा करून थोरलीच्या हातात दिला.

बुडाशी नखाची चंद्रकोर होती, डावीकडे तोंड करून.