मानेतली खोबण

डोकं निघेना. शिल्पकाराने ते दोन्ही हातांनी धरून आधी डावीकडे पिळलं, मग उजवीकडे, मग शेठकडे बघून कसनुसं हसला आणि बाह्या वर सारल्या.

"मान अवघडली असेल," हॉटेलवाले शेठ म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर खो खो हसले.

प्रदर्शन संपलं होतं. दालनात खोकी, सुतळ्या आणि पेंढा पसरला होता. शेठनी पुतळा घेतला होता, पण एका अटीवर. अंग हेच, डोकं मात्र त्यांच्या सौभाग्यवतींचं हवं. शिल्पकाराला त्यात काही गैर वाटलं नव्हतं. त्याची सगळी कलाच त्यावर उभी होती. अंग ग्रीक देवतेचं आणि युक्ती रोमनांची. रोमन लोक धडं आधी घडवून ठेवत, मानेत खोबण राखत आणि तीत हवं ते डोकं बसवत. राजा बदलला की डोकं बदलायचं. एवढं देखणं अंग कशाला वाया घालवा? तरुणपणी उचललेल्या या युक्तीवर त्याने नाव कमावलं होतं. नगराध्यक्षांची आई, गिरणीमालकाची सून, एक उतारवयातली नटी, सगळ्या त्याच एका अंगाने, ओल्या वस्त्राच्या चुण्यांखाली एक गुडघा किंचित वाकवून, कुठे कुठे उभ्या होत्या.

ते अंग त्याच्या बायकोचं होतं.

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात ती ओली चादर गुंडाळून त्याच्यासमोर उभी राहिली होती. पुढे न्यूमोनिया झाला. साचा मात्र उत्तम निघाला. तेव्हापासून तिच्या खांद्यांवर परक्या बायकांची तोंडं बसत आली, आणि प्रत्येक उद्घाटनाला ती मागच्या रांगेत बसून भाषणं ऐकत आली. तो प्लास्टरवाल्याचे आभार मानायचा, दालनाच्या मालकाचे मानायचा, ट्रकवाल्याचेसुद्धा.

"एकदा माझंही नाव घ्या की हो," ती म्हणाली होती.

"अगं, रोमनांनी तरी कुठे घेतलंय?"

रोमनांकडे जाऊन भांडायची सोय नव्हती.

यंदा मात्र तो आपण होऊन म्हणाला, "बस समोर. या खेपेला डोकं तुझं." शिवाय साच्यातला माल नव्हे, अस्सल संगमरवर. ती हिवाळाभर बसली. त्याने तिची एक सुरकुती सोडली नाही, हनुवटीखालची सैल कातडीही नाही. त्या तरुण अंगावर तो पिकलेला चेहरा बसला, तेव्हा ती कितीतरी वेळ बघत राहिली. दुसऱ्या दिवशी पुतळा दालनात न्यायचा होता. तो जेवायला बसला आणि तिने खोबणीत इपॉक्सी भरून डोकं चेपून बसवलं. चिकटवायचं काम पहिल्यापासून तिचंच. तिने घातलेला जोड आजवर कधी सुटला नव्हता.

शेठना फोन आला. ते बोलत बोलत खिडकीशी गेले. इतका वेळ मागे उभी असलेली बायको पुढे झाली. मघाशी तिने त्यांना पाणी आणून दिलं होतं. "ठेवा तिथे, बाई," म्हणून ते पुन्हा तिच्याच दगडी चेहऱ्याकडे बघत बसले होते.

"ओढू नका," ती हळूच म्हणाली. "मी चिकटवलंय."

"काय? कुणाला विचारून?"

"विचारायचं कुणाला? डोकं माझंच आहे."

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. "अगं, गिऱ्हाईक उभं आहे दारात! आता निघणार कसं ते?"

"नाहीच निघणार. काढायचं तर मान फोडावी लागेल."

हे ती अगदी निर्धास्तपणे बोलली. ज्या हातांनी हिवाळाभर तिच्या पापण्या कोरल्या, ते हात त्यावर हातोडा उचलणार नाहीत, अशी तिची खात्री होती. त्या खात्रीवरच तर तिने चिकटवलं होतं.

त्याने पेटीतून छिन्नी काढली.

पहिल्या घावाला काही झालं नाही. दुसऱ्याला टवका उडाला. तिसरा घाव पडण्याआधी तिने, इतक्या वर्षांच्या सवयीने, पेंढ्याचं पोतं पायाने पुढे सरकवलं. दगड फरशीवर पडून फुटू नये, म्हणून. तिचा जोड सुटला नाहीच. त्याच्या खालची मान तुटली, वेडीवाकडी, आणि खांद्याजवळचा एक ढलपा सोबत घेऊन डोकं पोत्यावर आपटलं.

शेठ फोन बंद करून धावत आले. शिल्पकाराने कपाळ पुसलं. "काळजी नको शेठ, मान साफ करतो, मग वहिनींचं डोकं असं बसेल की..."

"थांबा!" शेठ मागे सरले. मग आणखी थोडे मागे. "हात लावू नका हो. आता कसं, नुकतंच जमिनीतून उकरून काढलेल्या पुराण्या मूर्तीसारखं वाटतंय! सौ.चं डोकं राहू द्या. कुणाचंच नको."

शिल्पकारही मागे सरला. त्याने तुटक्या मानेकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू एक हसू पसरलं. ओल्या चादरीत कुडकुडताना तिने ते एकदा पाहिलं होतं. त्यानंतर आजच.

ती पोत्याशी वाकून दगडाच्या डोळ्यांवरचा पेंढा बाजूला करत होती. त्याने दंड धरून तिला उठवलं, शेठसमोर उभं केलं आणि म्हणाला,

"ही माझी बायको. हे सगळं हिच्यामुळे झालं."