कॉलचा आवाज: उत्तम

"पंखा चालू आहे, खाली टेंपो घरघरतोय, तरी माझा आवाज येतो का?" नरेशने विचारलं.

"येतो रं. सपष्ट येतो," त्याची आई पारूबाई म्हणाली. "जेवलास का?"

नरेशने लिहून टाकलं: कॉलचा आवाज उत्तम.

नेरळच्या नव्या इमारतीत तो एकटा राहायचा. कंपन्या फोन, घड्याळं, स्पीकर पाठवायच्या. तो वापरून वेबसाइटवर लिहायचा आणि वस्तू परत करायचा. दाराची बेल वाजली की कुरिअरवालाच. त्यालाही चहा विचारून झाला होता, पण बिचाऱ्याला कुठला वेळ! सोमवारी बोलणारा स्पीकर आला. त्याच्याशी नरेश इतका बोलला की स्वतःचीच लाज वाटली.

नवा फोन आला की मात्र चंगळ. आवाज तपासायला गावी, पोशीरला, आईला कॉल लावायचा. शेजारची जनाकाकू उचलून आईकडे द्यायची, कारण बटणं आईला जमत नसत. नरेश म्हशीचं विचारायचा, आई वालाच्या शेंगांचं सांगायची. आपलंच घोडं पुढे दामटायची सवय, दुसरं काय! भेटायला गेलं की त्याच्या तोंडाकडे टक लावून बसायची. माया हो.

मागे एकदा गमतीने तो तिला म्हणाला होता, "तुला ऐकू येईनासं झालं की दुसऱ्या कुणाला तरी फोन लावीन हां." आई हसली नव्हती.

गुरुवारी संपादक मेघाचा फोन आला. त्याने उत्तम म्हटलेल्या फोनवर वाचक चिडले होते. समोरच्याला आपण विहिरीतून बोलतोय असं वाटतं, अशा तक्रारींचा ढीग पडला होता.

"नक्की तपासलास ना, नरेश?"

"माझ्या आईने स्वतः ऐकलाय."

"मग तसं दाखव. नाहीतर सदर बंद करावं लागेल."

शुक्रवारी, शनिवारी त्याच्याकडून एक ओळ लिहून झाली नाही. सदर गेलं तर फोन यायचे नाहीत. फोन आले नाहीत तर आईला कॉल लावायचा कशासाठी? कामाशिवाय तिला कधी फोन केलाच नव्हता.

रविवारी तो तोच, अजून परत न केलेला फोन घेऊन पोशीरला गेला. बुद्धपौर्णिमेनंतर पहिल्यांदाच. आई ओट्यावर तांदूळ निवडत होती, तिचा फोन शेजारीच. आपण दिसलो तर ती सगळं टाकून चुलीकडे धावेल, म्हणून तो गोठ्याआड थांबला. स्वतःच्या मोबाइलवर तिचा व्हिडिओ सुरू केला. मेघाला एवढा पुरावा बस्स झाला. मग दुसऱ्या हातातल्या नव्या फोनवरून कॉल लावला.

ओट्यावरचा फोन वाजायला लागला. गोठ्यातल्या म्हशीनेसुद्धा कान टवकारले. आई तांदूळ निवडत राहिली.

शेजारच्या घरातून जनाकाकू लगबगीने आली. तिने फोन उचलून आईच्या कानाला लावला, खांद्यावर थाप मारली आणि बोटांनी बोलायची खूण केली.

गोठ्याआड नरेशने अजून तोंडही उघडलं नव्हतं.

"येतो रं," आई म्हणाली. "सपष्ट येतो. जेवलास का?"