माप

महिनाभर आमच्या गॅलरीत ह्यांचा कारखाना चालू होता. फिटर म्हणून जन्म गेला, त्यामुळे मोटरसायकलला विकतचा पार्ट ह्यांना चालत नाही. मोडक्या खुर्चीच्या पाइपचं हँडल झालं, भंगारातल्या पट्टीची गिअरची दांडी झाली. पुठ्ठ्यावर माप आखताना पट्टीवरचे आकडे मात्र मला वाचायला लावायचे. म्हणायचे, "चष्मा सापडत नाही." चष्मा डोळ्यांवरच असायचा.

"एवढं बदलताय कशाला?" मी रोज विचारायचे.

"कळेल."

काल सगळं जोडून झालं आणि हे गाडीवर बसले. गुडघे हँडलला टेकले, पाऊल गिअरपाशी अडकलं. मला हसू आवरेना. "चाळीस वर्षं फिटर, आणि माप चुकलं?"

हे खाली उतरले. "तू बस बघू."

मी बसले. हात हँडलवर बरोबर पोचले, पाऊल गिअरवर बरोबर टेकलं.

"डॉक्टर म्हणाले, आता गाडी चालवायची नाही," हे मागे बसत म्हणाले, आणि मागच्या सीटची नवी कडी त्यांनी चाचपून धरली. ती तेवढी त्यांच्या मापाची होती.