सामानाची यादी

पासष्ट सालच्या मार्चात दुबईतले एक इंग्रज साहेब सहकुटुंब लेबनॉनच्या बर्फात स्कीइंगला निघाले होते. मेमसाहेब यादी वाचत होत्या आणि स्वयंपाकी हमदुल्ला सामान भरत होता. लोकरी मोजे, दोर, औषधांची पेटी. शेवटी चार शिट्ट्या.

"ह्या कशाला, मेमसाब?"

"बर्फात कुणी हरवलं तर वाजवायला. अर्धा मैल ऐकू जाते."

"आणि पाण्यावर?"

मेमसाहेब हसल्या. "डोंगरावर पाणी कुठलं?"

हमदुल्लाने एकेका कोटाच्या खिशात एकेक शिट्टी ठेवली. महिन्यापूर्वी गावाकडून चोरून माणसं आणणाऱ्या लाँचवाल्याने ती खोर फक्कानच्या किनाऱ्यासमोर भर समुद्रातच उतरवली होती. त्यातला त्याचा धाकटा भाऊ अजून किनाऱ्याला लागला नव्हता. त्याला हमदुल्लानेच लिहिलं होतं, "गावच्या खाडीत पोहणारा तू, तुला कसली भीती? सोबत काही आणू नको."