तिसऱ्यांदा तपासलेली बरगडी

"नमुन्यांची अदलाबदल झाली असणार. पुन्हा तपास." कानडे सरांनी अहवाल माझ्याकडे सरकवला.

बरगडीचा तो तुकडा मी तीनदा तपासला होता. त्यातली नायट्रोजनची समस्थानिकं तिन्ही वेळा एकच सांगत होती: चार हजार वर्षांपूर्वी पुरलेलं हे माणूस वर्षानुवर्षं भरपूर मांस-मासे खात होतं. पहिल्या अहवालावर सरांनी खुशीत 'गावाचा प्रमुख' असं लिहिलं होतं. मग माती झाडून कमरेचं हाड मोकळं केलं, तर ती बाई निघाली. सरांनी लगेच 'प्रमुख' खोडलं.

"अगं, बाईच्या वाट्याला एवढं येईल कुठून?"

मी त्यांच्याच पेनने तो शब्द पुन्हा लिहिला.

"तिला किती वाढायचं हे ठरवायला तेव्हा तुम्ही नव्हता, सर."