हरकतीचा कागद

शिंपीणमावशींनी कागद उजव्या डोळ्याजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. डाव्या डोळ्यावर पट्टी होती.

"नुसत्या मुंग्या दिसताहेत," त्या म्हणाल्या. "तुम्हीच वाचा ताई."

फाईलताई स्टुलाच्या कडेवर टेकल्या होत्या. डोळ्यांच्या दवाखान्यात बावीस वर्षं रुग्णांच्या फायली सांभाळल्या, म्हणून हे नाव पडलेलं. सातजणांच्या सह्या आणायच्या होत्या आणि हे पहिलंच घर होतं. खिडकीशी मावशींची सून मशीनवर बसली होती. सासूचं अडलेलं शिवण उरकत होती.

ताईंनी एका दमात वाचलं. "माझ्या आजाराची व उपचारांची माहिती खासगी असून, ती कोणत्याही खात्यास देण्यास माझी हरकत आहे."

"अशी हरकत कधी घेतली मी?"

ताईंनी कागद पुन्हा मावशींच्या हातात दिला. पंधरा दिवसांपूर्वी एकाच सकाळी सात मोतीबिंदू काढले गेले आणि सातही डोळ्यांत पू झाला. दोघांचा डोळा कायमचा गेला. त्यांतल्या एक या मावशी. आज सकाळी दवाखान्यांच्या परवाना खात्याच्या तपासणी अधिकारी आल्या आणि त्यांनी सातही फायली मागितल्या. मोठे डॉक्टर म्हणाले, रुग्णाची माहिती आमच्याकडे ठेव असते, सहीशिवाय कागद हलणार नाही. एरवी भरल्या बाकांसमोर कुणाची साखर किती हे ओरडून सांगणारा हा माणूस. अधिकारीबाई शांतपणे म्हणाल्या, "तपासापुरती फाईल बघायला आम्हाला रुग्णाची परवानगी लागत नाही. उद्या अकराला येते."

त्या गेल्या आणि डॉक्टरांनी सात कागद ताईंच्या हातात ठेवले. रुग्णांचीच हरकत असली की वकील बघून घेईल, म्हणाले. मग आवाज खाली आणून, "शिंपिणीच्या फाईलीत काय आहे ते ठाऊक आहे ना तुम्हाला? आठवण करून द्या. मुकाट सही करेल."

ती आठवण ताईंनी अजून करून दिली नव्हती. पिशवीत डॉक्टरांचा फोन थरथरला. तिसऱ्यांदा.

मावशी पुढे वाकल्या आणि मशीनच्या आवाजाआड हळूच म्हणाल्या, "माझ्या त्या गोळ्यांचं लिहिलंय फाईलीत?"

"लिहिलंय."

"आणि डोक्याच्या दवाखान्यात राहिले होते, ते?"

"तेही. ऑपरेशनच्या आधी तुम्हीच सांगितलं होतं मावशी."

"विचारलं म्हणून सांगितलं. डॉक्टरपाशी खोटं बोलू नये म्हणतात." त्यांनी एकदा खिडकीकडे पाहिलं. "त्या खात्याच्या बाई इथे घरी येऊन बोलतील का ते?"

फाईलताईंनी नुसती मान डोलवायचा अवकाश होता. एवढ्यानं काम झालं असतं, नोकरीही शाबूत राहिली असती. त्या स्टुलावरून उठल्या, पुन्हा बसल्या.

"नाही बोलणार," त्या म्हणाल्या. "त्यांना डोळ्याचं बघायचंय. हत्यारं कशी उकळली, औषध कुठलं घातलं. बाकीचं बाहेर बोलायची त्यांना मुभा नाही. आणि मावशी, तुमची सही असली काय, नसली काय, त्यांना फाईल बघता येते. या कागदानं नुसता वेळ जाईल."

"मग हा कागद कुणाच्या सोयीचा?"

"डॉक्टरांच्या," ताई म्हणाल्या.

मावशींनी कागदाची चौघडी करून तो ताईंच्या हातात दिला.

"माझी लाज माझी मी बघून घेईन. त्यांची मी कशाला झाकू?" आणि तोंड न वळवता, त्याच आवाजात, "सूनबाई, मी पंधरा वर्षं डोक्याच्या गोळ्या घेतेय. माझ्या लग्नाआधी पाच महिने त्या दवाखान्यात होते."

मशीन थांबलं. सुनेचा हात चाकावर तसाच राहिला.

"यांना माहीत आहे?" तिनं विचारलं.

"नाही. आज सांगते."

मशीन पुन्हा सुरू झालं नाही. ताई बाहेर पडल्या तेव्हा चपला घालताना त्यांचा पाय दोनदा चुकला. उरलेल्या सहा घरी त्या गेल्याच नाहीत.

दुसऱ्या दिवशी अकराला त्यांनी सातही फायली अधिकारीबाईंसमोर ठेवल्या. डॉक्टर दारात उभे होते. ते वळले आणि परत ताईंशी बोलले नाहीत. बाईंनी शिंपीणमावशींची फाईल चाळली, एक पान वाचलं आणि पिन काढून ते बाजूला ठेवलं.

"हे आमच्या कामाचं नाही. इथेच राहू द्या."

तिसऱ्या दिवशी ऑपरेशनच्या खोलीला कुलूप लागलं. दारावर खात्याचा कागद चिकटला.

पुढच्या आठवड्यात मावशी सुनेचा हात धरून फायलींच्या खोलीत आल्या. मुलगा दोन दिवस जेवायलाही समोर बसला नव्हता, एवढंच म्हणाल्या. आता बसतो की नाही, ते काही सांगितलं नाही.

"मावशी, ते पान बाहेर गेलं नाही," ताई घाईनं म्हणाल्या. "डोळ्यापुरतेच कागद गेले."

"ते नाही विचारायला आले. फाईल काढा माझी. डॉक्टरांनी वाचली, त्या बाईंनी वाचली, तुम्ही वाचली. मीच तेवढी राहिलेय."

ताईंनी फाईल काढून दिली. सुनेनं ती मांडीवर घेतली, सासूला जवळ बसवलं आणि पहिल्या पानापासून हळू आवाजात वाचायला सुरुवात केली.